वैजापूरच्या गाडीतला डबा

औरंगाबादेच्या छावणीत मुख्तार मिस्त्रीचं गॅरेज विचारलं की कुणीही दाखवतं. पाटी नाही, तरी चुकत नाही. माणूस सरळ, हात साफ, बोलणं बेताचं. एकच खोड सांगतात. दुपारी कुणी आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली तर तो घेत नाही. चपाती घेतो, भात घेतो, भाकरी नाही. डॉक्टरनं बंद केली असेल असं लोक समजतात. डॉक्टरला यातलं काही ठाऊक नाही.

मुख्तार वैजापूरचा, इब्राहीम पिंजाऱ्याचा एकुलता एक. इब्राहीम खांद्यावर कापूस पिंजायचं पिंजण टाकून गल्लोगल्ली फिरायचा. ओरडायचा नाही, पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर नुसतं बोट मारायचा. तो आवाज ऐकला की बाया जुन्या गाद्या ओट्यावर आणून टाकायच्या. मुख्तारची आई जैतुनबी घरी बसून कापूस निवडायची आणि मधूनमधून खोकायची. पिंजाऱ्याच्या घरात खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही.

मुख्तार मॅट्रिकला तालुक्यात पहिला आला आणि तिथून घोटाळा सुरू झाला. जेमतेम पास झाला असता तर बापाच्या मागं पिंजण घेऊन निघाला असता, नापास झाला असता तरी निघाला असता. पण पहिला आलेल्या पोरानं पुढं काय करायचं याची त्या घराला सवय नव्हती. हेडमास्तर काकासाहेब म्हणाले, सायन्सला घाला. का घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. सायन्स म्हणजे डॉक्टर, एवढं इब्राहीमला कळलं. मुख्तारला तेवढंही कळलं नव्हतं. तो औरंगाबादेला आला.

छावणीत एक खोली मिळाली, भागीदार गंगापूरचा बन्सी. बन्सी आर्ट्सला होता आणि कायम भुकेला होता. जेवणाची सोय मात्र वैजापूरहूनच झाली. त्या काळी गावोगावच्या आया सकाळी स्टँडवर फडक्यात बांधलेले डबे घेऊन उभ्या राहत. कंडक्टर ते ड्रायव्हरच्या पाठीमागं रचून ठेवी आणि शहरातली पोरं गाडी लागली की आपापला डबा ओळखून उचलत. तिकीट नाही, पावती नाही. डबा हरवल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

वैजापूरच्या गाडीवर फकिरा कंडक्टर होता. त्याच्याकडून भरलेला डबा घ्यायचा आणि कालचा रिकामा द्यायचा. रिकामा म्हणजे अगदी रिकामा नाही. जैतुनबीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की डबा मोकळा पाठवू नकोस, बरकत जाती, चिमूटभर साखर टाकीत जा. मुख्तार टाकायचा. संध्याकाळी जैतुनबी झाकण उघडून साखर बघायची आणि तेवढ्यावर तिला शहराची खबर पोचायची. साखर आली, म्हणजे पोरगा बरा.

पोरगा बरा नव्हता. कॉलेजात रसायनशास्त्राचे सर इंग्रजीत शिकवत आणि शंका असल्यास इंग्रजीतच विचारा म्हणत, त्यामुळं वर्गात शंका कुणालाच नसायची. सहामाहीत मुख्तारला जे गुण पडले ते बघून तो बराच वेळ, हा कागद दुसऱ्या कुणाचा असावा, असं समजत राहिला. मग त्यानं वर्गात जाणं सोडलं. सोडतोय असं ठरवून सोडलं नाही. एक दिवस गेला नाही, दुसऱ्या दिवशी कालचं काय विचारतील म्हणून गेला नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून कारणाची गरज उरली नाही.

पुढं काय, याला सल्ले पुष्कळ होते. बन्सी म्हणाला आर्ट्सला ये, इथं नापास व्हायला फार कष्ट लागतात. खोलीचा मालक म्हणाला टायपिंग शीक. मशिदीत भेटलेले एक बुजुर्ग म्हणाले मास्तर हो, मास्तराला मरण नाही. मुख्तारला सगळ्यांचं पटायचं, हीच त्याची अडचण होती. सायन्स नको एवढं पक्कं होतं. त्याच्या जागी काय हवं, तिथं नुसती मोकळी जागा होती.

त्या मोकळ्या जागेत जहांगीर उस्तादचं गॅरेज आलं. रोज कॉलेजच्या वेळेला कुठंतरी जायला हवं, म्हणून तो तिथं बाकड्यावर जाऊन बसू लागला. एकदा उस्तादनं पाना मागितला, यानं दिला. महिनाभरात बोनेटखाली डोकं घालू लागला. उस्ताद त्याला नावानं हाक मारत नसे. "ओ कॉलेज, जरा जॅक लगाव," म्हणायचा. उस्तादची बायको मेहरुन्निसा दुपारी सगळ्या कामगारांचं जेवण पाठवायची, मुख्तारही तिथंच जेवू लागला.

मग वैजापूरचा डबा बन्सीकडं गेला. एकाचं पोट भरलेलं, दुसऱ्याचं रिकामं, हा हिशेब सांगायला बरा होता. खरं असं की ती भाकरी मुख्तारच्या घशाखाली उतरत नव्हती. ती कॉलेजात शिकणाऱ्या मुलासाठी थापलेली होती, आणि तसा मुलगा त्या खोलीत राहत नव्हता. साखर मात्र तोच टाकायचा.

बन्सीला त्या भाकरीची पारख झाली. जैतुनबी भाकरी थापून झाली की कडेला अंगठ्यानं एकदा दाबायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं; तिच्या आईची सवय. भाजल्यावर तिथं खळगी उरायची. बन्सी त्याला आईचा अंगठा म्हणायचा आणि पहिला तुकडा तिथूनच मोडायचा.

मार्चअखेर मुख्तारनं फकिराबरोबर निरोप धाडला की परीक्षा जवळ आली, घरी येणं होणार नाही. निरोप तेवढ्यापुरता होता. घरी गेलं की सांगावं लागलं असतं. वैजापुरात तो निरोप फार मानाचा ठरला. त्याच सुमाराला जैतुनबीच्या खोकल्यात रक्त पडलं. इब्राहीम मुलाला बोलवू म्हणाला, तर तिनंच अडवलं. पेपर होऊ द्या, मी कुठं पळून चालले का, असं म्हणाली. शेजारची सरूबाई, फकिरा, सगळ्यांकडून तिनं तसा शब्द घेतला. डबा बंद पडला तर पोराला संशय येईल, म्हणून सरूबाई भाकरी थापू लागली.

"मुक्त्या, आज अंगठा नाही रे," बन्सी म्हणाला.

"नसंल उमटला."

दोन दिवसांनी तो पुन्हा म्हणाला, "भाकरी चांगलीय, पण हात दुसरा वाटतोय. मावशी बऱ्या आहेत ना?"

मुख्तार बनियनवरचं ग्रीस रॉकेलनं पुसत होता. "तू फुकट खातोस, वर तपासतोस पण," म्हणाला. बन्सी हसला आणि विषय मिटला.

पेपर संपायची म्हणून जी तारीख मुख्तारनं कळवली होती ती आली. आज जायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून तो स्टँडवर गेला. गाडीच्या पायरीशी उभा राहिला. सांगायचं पहिलं वाक्य त्याला सापडेना. कॉलेज सोडलं, इथपर्यंत वाक्य येई. मग आता काय करतोस, या पुढच्या प्रश्नाला गॅरेज हे उत्तर त्याला अजून स्वतःलाच पटलेलं नव्हतं. फकिरानं विचारलं, "चलतो ना घरी?" त्याच्या विचारण्यात जरा घाई होती. मुख्तार म्हणाला, "नाय फकिराभाऊ. प्रॅक्टिकल राहिलंय. अजून आठ दिवस लागतील म्हणून सांगा."

प्रॅक्टिकल लेखीच्या आधी होतं. हे वैजापुरात सांगणारे एक काकासाहेब होते, आणि त्यांची त्या वर्षी बदली झाली होती. फकिरानं जैतुनबीला शब्द दिलेला होता. त्यानं घंटीची दोरी ओढली.

जैतुनबी त्या आठ दिवसांत गेली. रात्री गेली आणि सकाळी, पहिली गाडी औरंगाबादेला पोचायच्या आत, माती देऊन झाली. मग मुलाला कळवायचं कसं यावर दारात बोलणं झालं. इब्राहीम म्हणाला, तोंड बघायला आता मिळायचं नाही, वर्ष तरी कशाला घालवायचं, तिचीच तशी इच्छा होती. त्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. सरूबाईनं आपल्या चुलीवर भाकरी टाकली, डबा बांधला आणि स्टँडवर नेऊन दिला. फकिरानं तो आणला. मुख्तारनं घेतला, रिकामा दिला. आत साखर होती.

आठ दिवस सरल्यावर फकिरानं डबा आणला नाही. "आता प्रॅक्टिकल संपलं ना? मग बस गाडीत," म्हणाला. वाटेत त्यानं तिकीट फाडलं नाही.

घराच्या दाराशी सरूबाई उभी होती. मुख्तारनं तिच्या पाठीमागं बघितलं. निवडून ठेवलेला कापूस कोपऱ्यात तसाच होता आणि त्यावर धूळ बसली होती. सरूबाईला रडं आवरेना. तिनं आत जाऊन एक वाटी आणली. वाटीत साखर होती.

"तुझ्या डब्यातली हाय, बाबा. जैतुनबी होती तवर बोटानं चाटायची. मागून आलेली मी साठवून ठेवली. मला काय करावं कळंना."

इब्राहीम मशिदीतून आला. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "परीक्षा झाली ना नीट?"

"झाली, अब्बा," मुख्तार म्हणाला.

आता खरं सांगावं तर आईच्या मरणाला काही अर्थ उरत नव्हता, आणि न सांगावं तर त्याच्या जगण्याला उरत नव्हता. त्यानं बापाच्या बाजूनं निर्णय दिला.

जूनमध्ये निकाल लागल्याचं गावात कळलं. इब्राहीम एका ओट्यावर गादी पिंजत बसला होता. मुख्तार पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि नापास झालो म्हणाला. जी परीक्षा दिलीच नव्हती तिच्यात नापास होणं एवढंच त्याला बापाला देता येण्यासारखं होतं. पिंजणाचा आवाज थांबला. अंगावरचा कापूस इब्राहीमनं झटकला नाही.

"होणारच," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं नाय, तरी आईचं पोराला कळतंच. त्या आठ दिवसांत तुझं मन लागलं नसंल."

त्यानं पुन्हा तातीवर बोट मारलं. मुख्तार ओट्याच्या पायरीवर बसला आणि बाजूला पडलेला जुना कापूस निवडू लागला. दुसऱ्या दिवशी बापानंच त्याला गाडीत बसवून दिलं आणि म्हणाला, शहरात काय जमतंय ते बघ, मी विचारणार नाही. शेवटपर्यंत त्यानं विचारलं नाही.