फोटोतून पुसलेली बाई

लग्नाचे फोटो काढते म्हटलं की लोक पहिलं विचारतात, ड्रोन आहे का. नाही. आणि 'हनुवटी वर, हात कमरेवर' असलं मी कुणाला सांगतही नाही. मी आधी जोडप्याच्या घरी चहा प्यायला जाते, त्यांचं कसं जमलं ते ऐकते आणि एकच यादी मागते: फोटोत कोण कोण हवं. कुवेतमध्ये आपल्या मनासारखं, घरगुती लग्न करणारी माणसं अधूनमधून भेटतात. कुणाला हॉल नको असतो, कुणाला विधी. मी साताऱ्याची, तोंडाची फटकळ. दागिन्यांच्या ढिगात नवरी शोधत बसायचा मला कंटाळा, त्यामुळे माझं अशांशीच जमतं.

या मुलीच्या यादीत बारा नावं होती. आईचं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "अम्मी नाही येणार, ताई." घर रत्नागिरीकडचं मुसलमान, मुलगी वाढलेली इथंच, कुवेतच्या हवल्ली भागात. पहिलं लग्न सख्ख्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या मुलाशी झालं होतं. ते हिनं मोडलं. आता ऑफिसातल्या एकाशी दोन साक्षीदारांपुढे निकाह झाला होता आणि त्यानंतरचा एक दिवस तिला स्वतःचा हवा होता. आई म्हणाली होती, "बहिणीला मी काय तोंड दाखवू? मी मेले असं समज." आई राहायची त्याच हवल्लीत, लेकीपासून दोन गल्ल्या सोडून. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. "आलीच तर..." असं म्हणून मुलीनं वाक्य तिथंच सोडलं. तिला आई यायला हवी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

दिवस ठरला आणि नेमकी त्या दिवशी धूळ उठली. हळद कालवल्यासारखी हवा, समोरची इमारत दिसेना, जो तो तोंडाला मास्क लावून. मी म्हटलं, यात फोटो काय कप्पाळ येणार. ती म्हणाली, "आजच." मग आम्ही निघालो. हवल्लीत ते दोघं ऑफिसाबाहेर पहिल्यांदा भेटले ते चहाचं दुकान, मग बनेद अल-गारचा समुद्रकिनारा, मग सबाह अल-सालेमला तिच्या मैत्रिणीच्या इमारतीखाली, आणि शेवटी वर फ्लॅटमध्ये जेवण. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. कॅमेऱ्यातून पाहताना मला लांब कठड्यापाशी कुणीतरी उभं दिसलं. कॅमेरा खाली घेतला तर तिथं फक्त धूळ होती. मी चुरचुरणारे डोळे पुसले आणि कामाला लागले.

मुलं शाळेत गेली की सकाळी मी फोटो साफ करायला बसते. चहाच्या दुकानाच्या फोटोत काचेपलीकडे एक बाई आली होती. काळा पायघोळ अबाया, मास्क, हातात पिशवी. परक्या बाईचा फोटो तिला न विचारता कुणाच्या अल्बममध्ये द्यायचा म्हणजे इथं आगीशी खेळ. अशी कुणी आली की मी तिला पुसते आणि मागची भिंत पुरी करते. वर्षानुवर्षं करत आलेय. हिलाही पुसली. मग किनाऱ्याचे फोटो उघडले. कठड्यापाशी एक बाई. सबाह अल-सालेमला दोन गाड्यांच्या मध्ये एक बाई.

काळे अबाये इथं गल्लोगल्ली असतात, मान्य. पण तिन्ही ठिकाणी डावा खांदा तसाच उतरलेला. तेवढ्याच अंतरावर, आमच्याकडे तोंड करून. एकाही फोटोत ती चालत नव्हती. माझी पाचावर धारण बसली. भर सकाळी मी घरातले सगळे दिवे लावले.

ती कोण ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला नाही कळलं. नवऱ्या मुलीला एक फोन करून विचारायला हवं होतं, पण लग्नाच्या फोटोत असली सावली नव्या नवरीला कशाला दाखवा, असं माझ्या डोक्यात. नियम होता हे खरं, आणि मी घाबरले होते हेही तेवढंच खरं. मी तिला पुसत गेले. पुसल्यावरही तिथली धूळ जरा दाट वाटायची, म्हणून पुन्हा पुसायचे. अल्बम पोचला आणि ठरल्याप्रमाणे मी मूळ फोटो काढून टाकले. माझ्याकडे काही शिल्लक राहत नाही, म्हणूनच तर बायका मला बोलावतात.

दोन महिन्यांनी त्या मुलीचा फोन. आईनं अखेर दार उघडलं होतं. म्हणाली होती, मी आले होते गं, तुझ्या मैत्रिणीकडून ठिकाणं काढली, टॅक्सी करून तुमच्या मागे मागे फिरले, पुढं यायचा धीर झाला नाही, फोटोत बघ. मुलीनं अल्बम चाळला. आई कुठंच नव्हती.

"ताई, खरं सांगा," ती म्हणाली. "ती खोटं बोलत असेल, तर मी पुन्हा तिच्या दारात जाणार नाही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तिला अल्बम घेऊन तिथंच बोलावलं आणि त्याच दुपारी अम्मींच्या घरी गेले. त्या सोफ्यावर बसल्या होत्या, डावा खांदा उतरलेला. फोटोतल्यासारखाच. लेक दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन, निघायच्या बेतात. मी आल्या आल्या सांगून टाकलं की अम्मींना फोटोंतून मीच पुसलं, मला माफ करा.

"मग मूळ फोटो दाखवा," लेक म्हणाली. मी नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा बंद झाला. "तुम्ही दोघी मिळून मला समजावताय."

मला राग आला, तिचा नाही, माझाच. मी तिला हाताला धरून किचनमध्ये नेलं आणि तीन फोटोंत कुठे कुठे पुसलंय ते कानात सांगितलं. बाहेर येऊन अल्बम अम्मींपुढे ठेवला. म्हटलं, आता तुम्ही दाखवा.

त्यांनी चष्मा लावला. दुकानाची काच, त्यांचं बोट नेमकं तिथं. किनाऱ्याचा कठडा, नेमकं तिथं. दोन गाड्यांच्या मध्ये, तिथंच. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. लेकीनं पर्स खाली ठेवली. ती रडायला लागली होती.

अम्मींनी आणखी एक पान उलटलं. जेवणाचा फोटो. त्यांनी लेकीच्या शेजारी बोट ठेवलं.

"इथं पण होते."

लेकीचं रडणं थांबलं. "अम्मी, हे वर फ्लॅटमधलं आहे. दार बंद होतं."

"होते मी इथं," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्या खोलीत मी स्वतः माणसं मोजली होती. यादीतली बारा. त्या फोटोत मी काहीही पुसलं नव्हतं. पण अम्मींच्या बोटाखाली, लेकीला लागून, एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. बाकी सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटलेले, आणि ही जागा तेवढी रिकामी. इतक्या दिवसांत मला ती दिसलीच नव्हती.

लेक माझ्याकडे बघत होती. "ताई, इथं होती?"

"होत्या," मी म्हणाले. "तिथूनही मीच पुसलं त्यांना. मघाशी सांगायचं राहिलं."

अम्मींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणी साधी, माहितीतली गोष्ट सांगावी तशी त्यांनी नुसती मान हलवली. लेक उठली आणि सोफ्यावर त्यांना खेटून बसली.