बर्फाचं ऐकणारा आर्वो

आर्वो केमिलाला बर्फाची भाषा कळते, असं उत्तर फिनलंडमधल्या ओउलूत निदान तीन माणसं मानत होती. पहिला आर्वो स्वतः, दुसरा ओइवा आणि तिसरा पेन्ती. तिघेही कागद गिरणीतून निवृत्त झालेले, तिघेही सत्तरी ओलांडलेले. रोज सकाळी सायकल हाणत बाजारहॉलात यायचं, खिडकीजवळच्या टेबलाला बसायचं, चौथ्या खुर्चीवर कोटांचा ढीग घालायचा आणि कॉफी संपेपर्यंत जग सुधारायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. जन्म यंत्रघरात गेल्यामुळे आवाज असा की त्यांची खाजगी बोलणी पलीकडच्या मासळीवालीलाही तोंडपाठ होती.

आता आमच्याकडे हिवाळ्यात सायकल चालवणं ही काही मर्दुमकी नव्हे. उणे वीसमध्ये शाळेची पोरं जातात, बाया टोपलीत बटाटे घालून जातात, पाद्रीबुवाही जातात. मोटारींच्या रस्त्याआधी सायकलची वाट साफ होते. त्यामुळे नुसती सायकल चालवून इथे कोणाला मोठेपणा मिळत नाही. मोठेपणा हवा तर जवळ एखादं तत्त्व लागतं, आणि आर्वोजवळ ते होतं. तो खिळ्यांचे टायर वापरत नसे.

बर्फावरून घसरू नये म्हणून रबरात बारीक पोलादी खिळे ठोकलेले टायर मिळतात. शहाणी माणसं ते नोव्हेंबरात चढवतात आणि एप्रिलात उतरवतात. आर्वोच्या मते ते हेलसिंकीच्या लोकांसाठी होते. "बर्फ बोलतो," तो टेबलावर हात ठेवून सांगायचा. "करकरला तर धरतो, कुजबुजला तर सोडतो. ऐकायचं आणि तसं हँडल वळवायचं. खिळे लावले की ऐकणं संपलं." खिळेवाल्यांना त्याने नावही ठेवलं होतं, तडतडे. कारण उघड्या डांबरावर ते टायर फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडतात. ओइवा यावर मान डोलवायचा. पेन्ती आत श्वास ओढत हो म्हणायचा, आणि आमच्याकडे याहून मोठी दाद नसते.

एकदा परदेशातून हिवाळी सायकलचा अभ्यास करायला एक शिष्टमंडळ आलं होतं. नगरपालिकेने आर्वोला त्यांच्यापुढे उभं केलं. एका बाईंनी वही उघडून विचारलं, "इतक्या थंडीत सायकलवर तुम्ही काय घालता?" आर्वोने थोडा विचार केला आणि म्हणाला, "पँट." बाईंनी ते लिहून घेतलं. हा किस्सा टेबलावर दर हिवाळ्यात एकदा तरी व्हायचाच, आणि दर वेळी पँट हा शब्द ओइवाच म्हणायचा, कारण आर्वोला स्वतःची स्तुती स्वतः करणं आवडत नसे.

असा हा माणूस गेल्या नोव्हेंबरात स्वतःच्या इमारतीच्या कचराखोलीपुढे, जिथे पन्नास वर्षांत कोणी पडलं नव्हतं, तिथे सपशेल पाठीवर आपटला. बर्फ काहीच बोलला नव्हता. बघणारा फक्त एक ससा होता, आणि तोही सभ्यपणे दुसरीकडे निघून गेला.

माकडहाड असं दुखलं की आर्वो दोन आठवडे उभ्याने कॉफी प्यायला. "रक्ताभिसरणाला बरं असतं," त्याने मित्रांना सांगितलं. ओइवाने आदराने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तोही उभा राहिला.

घरात मात्र हेल्मी होती. लग्नाला अर्धशतक झालेल्या बायकोला रक्ताभिसरणाच्या गोष्टी सांगता येत नाहीत. तिने साउनात, वाफेच्या न्हाणीत, त्याची पाठ पाहिली आणि कपडे घालता घालता निकाल दिला.

"एक तर खिळे, नाहीतर बस."

"हेल्मी, माझं काही एक..."

"तुझं काय ते तुझ्या पाठीवर दिसतंय. निळं आहे. खिळे की बस?"

बसमध्ये दुपारी कोण असतं ते आर्वोला ठाऊक होतं. गिरणीतले दोघे असेच गेले होते. आधी बस, मग घरी बसून दूरदर्शन, मग मुलीकडे हेलसिंकीजवळ एस्पोला एक खोली. त्याने आत श्वास ओढून हो म्हटलं. हेल्मीने तळघरात जाऊन टायर चढवले, आणि तेही इतक्या सफाईने की दुसऱ्या कोणालाही शंका आली असती. आर्वोला आली नाही. तो दाराकडे पाठ करून पहारा देत होता.

मग सुरू झाला आर्वोच्या आयुष्यातला सर्वांत कष्टाचा हिवाळा. दाबलेल्या बर्फावर खिळे मुके असतात, आणि आमच्याकडे डिसेंबरनंतर सगळीकडे दाबलेला बर्फच असतो. पण आर्वोच्या तुइरा वस्तीतून गावात जाताना मोठ्या रस्त्याखालून सायकलवाटेचा एक बोगदा आहे. तिथे बर्फ पोहोचत नाही. आत बारा महिने कोरडं डांबर. पहिल्या दिवशी आर्वो त्यात शिरला आणि ती तडतड त्याच्या तळहातांतून खांद्यांपर्यंत चढली. आता हे अख्ख्या ओउलूला ऐकू गेलं असणार, असं वाटून तो खाली उतरला आणि सायकल खांद्यावर घेऊन चालू लागला.

त्या दिवसापासून बोगद्यात सायकल आर्वोवर स्वार होऊ लागली. समोरून येणारे लोक अदबीने भिंतीला चिकटून वाट देत. बाबागाडीवाल्या एका बाईने एकदा मदत हवी का विचारलं. आर्वो म्हणाला, "व्यायाम." सायकल जड होती, वय झालं होतं, आणि तत्त्व तर दोन्हींहून जड होतं. तरी टेबलावर पोहोचल्यावर तो आधीपेक्षा जास्तच जोरात तडतड्यांची टवाळी करायचा. ज्याला काही लपवायचं असतं त्याला गप्प बसून भागत नाही.

जानेवारीत ओइवा यायचा कमी झाला.

पहिल्यांदा त्याने सायकलची चेन तुटली असं सांगितलं, नंतर सर्दी. एका सकाळी नदीवरच्या पुलाकडे जाताना आर्वोला बसथांब्यावर ओइवा दिसला. तो जाहिरातीच्या फलकामागे उभा होता, पण फलक अरुंद आणि ओइवा रुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडा थोडा ओइवा दिसत होता. आर्वो न बघितल्यासारखं करून पुढे गेला. माणूस लपला असेल तर त्याला लपू द्यावं, ही आमच्याकडची रीत. पण दिवसभर त्याला चैन पडलं नाही.

पुढच्या आठवड्यात ओइवा आलाच नाही. तिसऱ्या खुर्चीवरही कोट ठेवता येतील हे पेन्तीच्या लक्षात आलं, पण त्याने ठेवले नाहीत.

"तीनदा पडला," वेलचीचा पाव कॉफीत बुडवत पेन्ती म्हणाला. "नाताळापासून. मला विचारत होता, खिळे लावू का म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, आर्वोला विचार. तर म्हणतो, त्याला कसं विचारू, मग तो माझ्याबरोबर कॉफी पिईल का? तडतड्यांच्या टेबलावर बसवेल मला." पेन्तीने पाव खाल्ला. "बायको गेल्यापासून त्याला दुसरं आहे काय, ही कॉफी सोडली तर."

आर्वोने त्या दिवशी आपला पाव तसाच ठेवला. आपण एका पोलादी खिळ्याचं तत्त्व केलं आणि ते ओइवाच्या दाराला बाहेरून कडी लावावी तसं लागलं, हे त्याला लख्ख कळलं. उपाय सोपा होता. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं. पण आर्वोसारख्या माणसाला सायकल खांद्यावर घेऊन पार उत्तरेचं लापलँड गाठणं त्या मानाने सोपं. त्यामुळे त्याने न बोलता कबुली देण्याचा मार्ग शोधला. आपण पकडलं जायचं. आपोआप.

फेब्रुवारीत दोन दिवस ऊब आली आणि बाजारहॉलापुढचा चौक डांबरापर्यंत उघडा पडला. आर्वो आला, पण उतरला नाही. खिडकीसमोर त्याने चौकाला फेरी घातली, मग आणखी एक, मग अगदी काचेला लागून तिसरी. हात झिणझिणत होते. आत पेन्तीने त्याला पाहून कप उंचावला. मासळीवाली मात्र दुकान सोडून दाराशी आली, त्याच्या चाकांकडे बघितलं, आणि तोंडावर हात धरून परत आत गेली.

आर्वो आत येऊन बसला. "काही ऐकलंस?"

"कशाबद्दल?"

"आत्ता. बाहेर."

"का, काही झालं का बाहेर?" पेन्ती म्हणाला, आणि मान वळवून शांतपणे चौक न्याहाळू लागला.

घरी आल्यावर आर्वोने हेल्मीला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलता सोलता थांबली नाही.

"पेन्तीला उकळणारी किटली ऐकू येत नाही," ती म्हणाली. "त्याला तुझी तडतड कुठून ऐकू जाणार?"

"पण इतकी मोठ्ठी..."

"तुला येते ऐकू?"

"येते म्हणजे काय. हातातून पार दातांपर्यंत येते."

"हातातून ना?" हेल्मीने सुरी खाली ठेवली. "आर्वो, माझ्या सायकलला किती वर्षं खिळे आहेत?"

आर्वो खाली बसला.

"मलाही आठवत नाही आता. दर रविवारी त्या बोगद्यातून तुझ्या मागून येते मी. तू पुढे, बर्फाचं ऐकत. मला पहिल्या वर्षी वाटलं तू माझी अब्रू राखतोयस. दुसऱ्या वर्षी कळलं, तुला ऐकूच येत नाही."

"मग बर्फाचं?"

"ते तुला यंत्रघरात असतानाच यायचं बंद झालं असेल," हेल्मी म्हणाली. तिने हे चिडून म्हटलं असतं तर आर्वोला भांडता आलं असतं. पण ती हळू बोलली, त्याच्या तोंडाकडे बघत, शब्द सोडवून, आणि अशीच ती कित्येक वर्षं त्याच्याशी बोलत आली आहे हेही त्याला तेव्हाच समजलं. तो उठून खिडकीशी गेला. खाली लोक सायकलवरून जात होते. त्याने कान देऊन ऐकलं. खरोखर काहीच नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं.

थोड्या वेळाने त्याने टोपी घातली.

ओइवा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगात घरातला स्वेटर होता आणि मागे दूरदर्शन चालू होतं. आर्वोने टोपी काढली.

"मी खिळे लावलेत," तो म्हणाला.

"काय?"

"खिळे. टायरला."

"किल्ल्या? किल्ल्या इथे खुंटीवरच आहेत."

जन्मभर दुसऱ्यांना ऐकायला शिकवलेल्या आर्वोने छाती भरून श्वास घेतला. "मी नोव्हेंबरपासून खिळ्यांचे टायर वापरतोय. कचराखोलीपाशी पडलो होतो. बोगद्यातून सायकल खांद्यावर नेतो."

जिना वरपासून खालपर्यंत घुमला. चौथ्या मजल्यावर एक दार किंचित उघडलं आणि सभ्यपणे मिटलं. ओइवाने दूरदर्शन बंद केलं. मग त्याने कोट घेतला, किल्ल्या घेतल्या आणि जिना उतरू लागला. आर्वो मागून गेला. आता हा आपल्याला दाराबाहेर काढतोय असं त्याला वाटलं, आणि ते रास्तही वाटलं.

ओइवा तळघरात गेला. सायकलखोलीच्या कोपऱ्यात जुनी चादर होती, ती त्याने ओढली. खाली त्याची सायकल होती. टायर कोरे करकरीत, खिळे चकाकत होते, एकालाही अजून धूळ लागलेली नव्हती.

"तिसऱ्यांदा पडलो, तेव्हाच लावले," ओइवा म्हणाला.

"मग बसने का जात होतास?"

ओइवाने चादरीची घडी घालायला घेतली. "मध्ये तो बोगदा आहे ना," तो म्हणाला. "तुझा कान इतका तिखट. तिथे कधी गाठ पडली असती तर तुला ऐकू गेलं असतं."

आर्वोने सायकलच्या सीटवर हात ठेवला. "नसतं गेलं," तो म्हणाला.

"काय?"

आर्वो आणखी जवळ सरकला आणि हेल्मी बोलते तसं, तोंडासमोर तोंड आणून, शब्द सोडवून पुन्हा म्हणाला, "मला ऐकू येत नाही, ओइवा."

ओइवाने तेवढं मात्र नीट ऐकलं. त्याने आत श्वास ओढून हो म्हटलं, सायकल बाहेर काढली, आर्वोने दाराशी ठेवलेली आपली घेतली, आणि दोघे बोगद्याच्या वाटेला लागले.