काकूंचं ‘बघता येईल’

माणसाचा स्वभाव आईबापांवर जात नाही, शिक्षणाने बदलत नाही, तो कुठल्या खोऱ्यात जन्मला एवढ्यावरच ठरतो, ह्या विषयावर आमच्या स्विस काकांइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये सापडायचा नाही. नोव्हायमध्ये ते आमचे शेजारी. गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आले, रिटायर झाले आणि त्यानंतर पूर्णवेळ ह्याच विषयाला लागले. त्यांचा देश आपल्या चार-पाच जिल्ह्यांत मावेल एवढा. त्यातला फ्रेंच बोलणारा भाग म्हणजे पश्चिमेचा एक तुकडा. पण त्या तुकड्यातला माणूस खोकला तरी तो कुठला हे आपल्याला कळतं, असं काकांचं म्हणणं. जिनिव्हाचा माणूस स्वतःला पॅरिसचा समजतो आणि त्याचं तोंड मिटत नाही. न्यूशातेलवाला सगळ्यांत शुद्ध फ्रेंच बोलतो, फक्त त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. ज्युराचा माणूस भांडायला कोणी मिळालं नाही तर म्युनिसिपालटीशी भांडतो. काका स्वतः व्हॅले नावाच्या डोंगराळ मुलुखातले. “आमच्याकडे गाईसुद्धा शिंगाला शिंग लावून झुंजतात,” ते अभिमानाने सांगत. “हरलेली गाय मान फिरवून निघून जाते. माणूस जात नाही.”

आम्ही राहायला आलो त्याच दिवशी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि पहिला प्रश्न, “गाव कुठलं?” मला ह्या प्रश्नाची धास्ती आहे. आपल्या माणसांत गावाच्या पाठोपाठ आडनाव विचारलं जातं आणि आडनावानंतर जो एक क्षण शांततेचा येतो, तो मी नागपुरात, पुण्यात आणि इथल्या घरून एकेक पदार्थ नेऊन जमवायच्या पॉटलक जेवणांतही मोजून घेतलेला आहे. काकांनी पुढचा प्रश्न विचारला, “डोंगराकडचे की तळ्याकडचे?” मी सांगितलं, नागपूर, ऊन फार, तिखट फार, आवाज मोठा. त्यांनी मला मिठीच मारली. “म्हणजे तू व्हॅलेचा!” माझी बायको पुण्याची. तिने पाच मिनिटांत त्यांचा एक इंग्रजी उच्चार सुधारला, तेव्हा काका “जिनिव्हा! जिनिव्हा!” असं ओरडत घरात काकूंना सांगायला पळाले.

काकू व्होच्या. व्हो म्हणजे सरोवराच्या काठचा, द्राक्षमळ्यांचा प्रदेश. तिथली माणसं संथ, आणि हो किंवा नाही हे शब्द त्यांच्या तोंडून काढायला सरकारी हुकूम लागतो, असं काकांचं शास्त्र. काकूंचा ठेवणीतला शब्द होता ‘बघता येईल’. बायकोने त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बघता येईल.” मागून काका गरजले, “येत नाही ती! व्होच्या भाषेत ह्याचा अर्थ ‘नाही’!” शनिवारी संध्याकाळी काकू केक घेऊन वेळेवर हजर. काका म्हणाले, अपवाद आहे. असे अपवाद पुष्कळ झाले, पण त्यांनी शास्त्राला धक्का लागू दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप अरुंद झाली होती. दोघांना तपासणीला जायचं होतं त्या दिवशी बर्फ होतं म्हणून गाडी मी चालवली, आणि मुलीऐवजी त्यांच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत मीच बसलो. मुलगी त्यांची कोलोरॅडोला. डॉक्टरीण तरुण होती, तिने गोल गोल बोलणं टाळलं. ऑपरेशन लवकर व्हायला हवं, न केलं तर पुढचा हिवाळा सांगता येत नाही. आणि तिने काकूंना विचारलं, “तुमचा काय विचार आहे?”

काकू पर्सचा बंद सरळ करत म्हणाल्या, “बघता येईल.”

कॉरिडॉरमध्ये काकांनी माझा दंड धरला. “ती नाही म्हणाली. ऐकलंस ना? नाही म्हणाली.”

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काका रोज आमच्याकडे यायचे, कोट न काढता स्वयंपाकघरात उभे राहायचे आणि व्होच्या लोकांना शिव्या द्यायचे. त्या शिव्यांना हसायचं कसं ते आम्हाला कळेना. बायको म्हणायची, “काका, तुम्ही काकूंना नीट विचारलंत का?” “विचारायचं काय? मी चाळीस वर्षं ती भाषा ऐकतोय.” इकडे कुंपणापलीकडे काकू डबा-बाटली रिसायकलिंगच्या पेटीत टाकायला यायच्या, दोन पायऱ्या चढून थांबायच्या आणि कठड्याला धरून, जणू काही आकाश बघतायत अशा उभ्या राहायच्या.

मग एका गुरुवारी दुपारी बेल वाजली ती थांबेचना. काकांच्या हातात फोन. कोणाचं तरी ऑपरेशन कॅन्सल झालं होतं, सोमवारची जागा रिकामी होती, हॉस्पिटलला पाचच्या आत उत्तर हवं होतं. “तू चल. तू बोल तिच्याशी. तू खरा ना तळ्याचा, ना डोंगराचा.”

काकू ओट्यापाशी लीक चिरत होत्या. आपल्या कांद्याच्या पातीची जाडजूड बहीण म्हणजे लीक. मी दारातच उभा राहिलो. मी काय बोलणार? माझं तोंड उघडायच्या आत काकांनीच सुरुवात केली, आधी फ्रेंचमध्ये, मग माझ्यासाठी इंग्रजीत. व्होचे लोक असे, व्होचे लोक तसे, घर पेटलं तरी बघता येईल म्हणतील, तिची आई अशीच होती, मावशी अशीच होती. आवाज चढत गेला आणि मधेच फाटला. ओट्यावरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

काकूंनी सुरी खाली ठेवली.

“व्होचं राहू दे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, मला कळावं म्हणून असेल. “मला विचार.”

“काय विचारू?”

“जे त्यांना सांगायचं आहे, ते.”

काकांचा फोन ह्या हातातून त्या हातात. बाहेर बर्फ उपसणारा ट्रक जाऊन आला. शेवटी, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात त्यांनी विचारलं, “तुला ऑपरेशन करून घ्यायचंय?”

“हो,” काकू म्हणाल्या. “पण मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. तू सगळ्या गल्लीला माझ्याबद्दल सांगितलंस, मला एकदाही विचारलं नाहीस.”

“तू नाही म्हणाली असतीस तर?” काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

हॉस्पिटलला फोन मी केला. तेवढं एकच काम माझ्या वाट्याला आलं.

सोमवारी वेटिंग रूममध्ये मी काकांच्या शेजारी बसलो होतो. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून म्हटलं, “काका, समोरचे ते जाकीटवाले गृहस्थ जिनिव्हाचे वाटतात.” त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांच्या मांडीवर काकूंचा स्वेटर होता आणि त्याची एकच बाही ते पुन्हा पुन्हा घडी करत होते, पुन्हा उलगडत होते. मुलगी कोलोरॅडोहून विमानात बसली होती. दुपारी डॉक्टरीण दार ढकलून आली, मास्क हनुवटीवर. काका स्वेटर सावरत उठेपर्यंत तीच त्यांच्यापुढे वाकली. “सगळं नीट झालं.” काकांनी तिला कुठल्या गावची हे विचारलं नाही. तिचा हात दोन्ही हातांत धरून नुसते बसून राहिले.

काकू बऱ्या झाल्या. उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं आणि दोघं परत गेले, काकूंच्या माहेरच्या गावी, सरोवराच्या काठी. कुठे जायचं हे काकांनी काकूंना विचारलं होतं म्हणे, आणि उत्तर येईपर्यंत तीन आठवडे थांबले होते.

मागच्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी मुद्दाम विचारलं, “मग, कसे आहेत तुमचे तळ्याकाठचे लोक?” मला वाटलं आता अर्धा तास गेला. काका म्हणाले, “काय सांगू? अजून सगळ्यांना भेटलो नाही.” मग काकूंनी फोन घेतला आणि पाणी दाखवायला काठाने चालू लागल्या. चित्र हलत होतं. एका कोपऱ्यात काका दिसत होते, हात पाठीमागे बांधून, काकूंच्या चालीने चालणारे. काकू मधेच थांबल्या की तेही थांबत होते, काही न बोलता. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, “मजेत आहेत ना?” मी हो म्हटलं. मजेतच होते. पण त्या दिवशी संध्याकाळभर घर फार शांत वाटलं.