मातेओचं कासवाचं सूप

मातेओ गेल्याचं त्याच्या मुलीनं, रोसानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी विंटर टायर्स बसवायला गॅरेजमध्ये थांबलो होतो. ‘हो, येतो’ एवढंच म्हणालो... आजारपण इतकं लांबलं होतं की रडायलाही त्राण उरलं नव्हतं.

मातेओ कॅनडात, बर्नाबीतल्या आमच्या बिल्डिंगचा केअरटेकर. ग्वाटेमालातला, माया जमातीचा माणूस. तिथल्या यादवीत गाव जळलं, म्हणून इकडे आलेला. दहा वर्षं आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा मारल्या. आमच्याकडे देवळात गाभाऱ्यापुढच्या कासवाला नमस्कार करूनच पुढं जातात, असं मी एकदा सांगितलं. तो म्हणाला, “आमच्यात तर पृथ्वीच कासव. त्याची पाठ फुटून मक्याचा देव वर येतो.” आणि लगेच, “ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य, पण कासव मासळीत धरतात. आई त्याचं सूप फार छान करायची.”

“देव मानता आणि खाताही?”

“मकाही खातोच की,” तो शांतपणे म्हणाला.

या सप्टेंबरात डॉक्टरांनी हात टेकले आणि मातेओनं ते सूप मागितलं. रोसाला दुकानातून सुट्टी मिळेना. मी चायनीज ग्रोसरीतून कासव साफ करून आणलं. मीनल, माझी बायको, म्हणाली, “आपल्या किचनमध्ये नको हं.” तिचं चुकलं नव्हतं. मी घरचं पातेलं घेऊन खाली त्याच्याकडे गेलो. तो खुर्चीतून सांगत होता, मी कांदा-टोमॅटो चिरत होतो. मांस पातेल्यात घालण्याआधी त्यानं त्यावर हात ठेवला, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

“कासवाची माफी मागितली,” तो म्हणाला. “यादवीत जंगलात लपलो होतो तेव्हा चूल पेटवली तर धूर दिसला असता, म्हणून कासव कच्चंच खाल्लं. माफी मागायची राहिली. धाकट्या भावाला तर ते गिळताच येईना...” मग त्यानं मांस पातेल्यात टाकायची खूण केली.

त्यानं तीन चमचे घेतले. “आईसारखं नाही झालं.” मग चमचा माझ्यापुढं धरला. मी नकारार्थी मान हलवली. तो रागावला नाही. “दमलायस,” म्हणाला, “घरी जा आता.”

दोन आठवड्यांनी तो गेला. रोसानं पातेलं लख्ख घासून परत आणून दिलं. मीनलनं ते बाल्कनीत ठेवलं. आत घेईना, टाकूनही देईना. गेल्या रविवारी मात्र तिनं ते न बोलता आत आणलं, धुतलं आणि त्यात वरण शिजवलं. आम्ही दोघं जेवलो. मी दोनदा मागून घेतलं.