दादाच्या कथेत माझी चिमी वाचली

मित्रमैत्रिणींनो, दुपारी गोंदियाच्या साहित्य संमेलनातून परत आले, तेव्हापासून कशातच मन लागत नाही.

माझ्या मोठ्या भावाचं पहिलं पुस्तक आलंय. आज लेखक आपापल्या नव्या पुस्तकांवर बोलणार होते, म्हणून मी तिरोड्याहून हौसेनं गेले होते.

दादा माईकवर म्हणाला, "यातली एक कथा माझ्या भाचीची आहे. ती चोरखमाऱ्याच्या तलावात बुडाली. कथेत मात्र मी तिला वाचवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचललेच गेले नाहीत. ती भाची म्हणजे माझी चिमी.

नंतर मंडपामागे त्याला गाठलं. "दादा, असं खोटं काऊन लिहिलंस?"

तो रडायलाच लागला. "का करू बाई, माह्याच्यानं तिले पुन्हा मारवलं नाही."

आता पुस्तक समोर आहे. तिचे बाबा सारखे म्हणून राहिले, "वाचून दाखव ना." दादा सांगत होता, शेवटी चिमी ओल्या फ्रॉकनं घरी येते. ते पान वाचून मी मान वर केली, तर घरात ती नसणार.

तुम्ही वाचलं असतं का?