बाबांच्या गाडीतला आरसा

मी इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो, आणि असले किस्से सांगणाऱ्यांची स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त टर मीच उडवत आलोय. लिंबू-मिरची, बाहेरचं, अंगात येणं... सगळं थोतांड, हे माझं मत आजही तसंच आहे. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये. लाज वाटतेय.

अमरावतीत राजापेठेत आमचं घर, मागे पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये बाबांची क्रीम रंगाची अँबेसेडर. बाबा वकील होते. अचलपूरच्या कोर्टात ते याच गाडीनं जायचे, आणि सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ सुधीर मागच्या सीटवर बसून कुठं कुठं फिरायचो. गाडीतला मधला आरसा बाबा नेहमी खाली झुकवून ठेवत. त्यात मागचा रस्ता दिसायचाच नाही, आम्ही दोघं दिसायचो. कुणी टोकलं तर म्हणायचे, "मागची गाडी हॉर्न तरी मारते. हे पोट्टे मुकाट्यानं एकमेकाले बुकलतात."

बाबा गेल्यावर गाडी तशीच पडून होती. मागच्या वर्षी मी ती करायला घेतली. काय सांगू तुम्हाला, व्यसनच ते! गंज खरवडायला बसलो की जेवायची शुद्ध राहायची नाही. सुधीर अकोल्याला शिक्षक आहे. तो दर रविवारी यायचा, बाह्या सारून गाडीखाली शिरायचा. शेडची एक किल्ली त्याच्याकडेच असायची. भांडण एकच — त्याला गाडी होती तशी हवी होती, मला नवी. मी एसी बसवला, पॉवर स्टिअरिंग बसवलं, रंग गडद निळा केला.

"दादा, इंजिन कर, ब्रेक कर," तो म्हणायचा, "पण बाबाची गाडी ओळखू तं आली पायजे न! आरसा तरी ठेव तो."

मी तोही काढला. नवा रुंद आरसा लावला, मागची काच पूर्ण दिसेल असा सेट केला.

दुसऱ्या रविवारी बघतो तर आरसा खाली झुकलेला. स्क्रू ढिला असेल म्हणून आवळला. पुन्हा झुकला. मग मी ब्रॅकेटच बदललं आणि पान्यानं असा कसला की हातानं ढकलून तो तसूभर हलत नव्हता. तरी पुन्हा तेच! आणि दर वेळी सुधीर येऊन गेलेला असायचा... माझ्या हुशार डोक्यानं हिशेब लावून टाकला.

दसऱ्याला गाडीची पूजा ठेवली होती. सकाळी आरसा मी स्वतः बसवला. सुधीर बायको आणि मुलीला घेऊन आला, सोनं द्यायला शेजारी जमले, मी कौतुकानं गाडीचं दार उघडलं — आणि आरसा खाली.

डोकंच सटकलं माझं.

"हे काय चाळे आहेत बे? बाबाचं नाव करून मले भेवाडून राहिला काय?"

"दादा, मी हात नाई लावला."

"चोरासारखा शेडात शिरतो, अन् वरून खोटं बोलतो? पोरीसमोर तरी खरं बोल! ठेव ती किल्ली इथं."

माझी पुतणी ईशा पूजेचं ताट धरून उभी होती. ती एकदा माझ्याकडे, एकदा तिच्या बापाकडे बघत होती. शेजारी इकडेतिकडे पाहू लागले. सुधीरनं किल्ली बॉनेटवर ठेवली, ईशाच्या हातातलं ताट घेऊन खाली ठेवलं आणि तिघं निघून गेले. सणाचं जेवण तसंच राहिलं. नंतर मी फोन केले, पण त्यानं उचलले नाहीत. मीही म्हटलं, राहू दे, चोर तो चोर वर शिरजोर!

दिवाळीच्या आधी एका दुपारी गाडी जरा पळवून बघावी म्हणून एकटाच बडनेऱ्याच्या पुढे गेलो. शेडच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. रस्त्याच्या कडेला निंबाखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. आरशात मागे उभा असलेला ट्रक दिसत होता. मी त्याच्याकडे बघत असतानाच तो ट्रक हळूहळू वर सरकला आणि काचेबाहेर गेला. त्याच्या जागी मागची सीट आली.

बाबांचे डोळे दिसले, कुणाची सावली दिसली, असलं काही नाही हो. रिकामी सीट, बस. मी आरसा हातानं वर ढकलून पाहिला. तो जागचा हलला नाही, पाना घ्यावा लागला असता.

दसऱ्याचं माझं एकेक वाक्य कानात वाजायला लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी न जाता मूर्तिजापूरवरून थेट अकोला गाठलं.

सुधीरनं दार उघडलं, "ये" म्हणाला, पाणी आणून दिलं. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. खरं सांगतो, सांगताना मला मोकळं वाटत होतं... आता हा हसेल, "बाबाच ते!" म्हणेल, असं वाटलं होतं.

तो हसला नाही.

"आरसा तुह्यासमोर फिरला म्हणून तू आला, दादा. नसता फिरला, तं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तं मी चोरच राह्यलो असतो न?"

मी उठून चपला घातल्या. निघताना तो खालपर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, बस न, एक चक्कर मारू. "नको" म्हणाला, आणि गाडीचं दार बाहेरून लावून घेतलं.

आरसा मी तीन मेकॅनिकना दाखवला. एकालाही त्यात दोष सापडला नाही, मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा. सुधीरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्याच क्षणी माहीत होतं. हो, चोरच राहिला असता. एवढं त्याला सांगायला मी अजून अकोल्याला गेलेलो नाही.