शाळेला प्रयोगशाळा मिळाली तेव्हा

मी नववीत होते तेव्हा एकदा आम्हाला दुसऱ्या शाळेची प्रयोगशाळा बघायला नेलं होतं. आमच्या पंचवटीतल्या शाळेला प्रयोगशाळा नव्हती. दहावीची मुलं प्रात्यक्षिक परीक्षेला गोदावरी ओलांडून त्या मोठ्या शाळेत जायची. पुढच्या वर्षी तुमची पाळी, तर आधी एकदा नजरेखालून घाला, असं म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आम्हाला पाठवलं. तिथल्या शिपायाने दारातच सांगितलं, "लांबून बघायचं. हात लावायचा नाही. फुटलं तर तुमची शाळा कुठून भरून देणार?"

आम्ही हात पाठीमागे बांधून सगळं बघितलं आणि परत आलो.

जेवताना मी हे घरी सांगितलं. आई हसली, पण बाबांचा घास हातातच राहिला. बाबा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते आणि शिकले आमच्याच शाळेत.

"म्हणजे तू अजून भिंग हातात धरलेलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"वहीत आकृती काढली आहे. दहापैकी नऊ मिळाले."

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाबा मोठ्या बाईंना भेटायला गेले. शाळेच्या मागच्या अंगाला मोडक्या बाकांनी भरलेली एक खोली होती, ती त्यांनी मागून घेतली. बाई म्हणाल्या, "खोली घ्या. पण शाळेकडून याच्यापुढे काही मिळेल असं समजू नका." बाबा म्हणाले, "काही नको. किल्ली तेवढी द्या."

मग ते आपल्या वर्गातल्या जुन्या सोबत्यांना शोधायला निघाले. बरेचसे भेटले, कुणी दोन दिवस येऊन भिंतींना चुना लावून गेले, कुणी वायरिंग करून दिलं. शेवटपर्यंत टिकले मात्र दोघे. एक तांबटकाका, जुन्या नाशकात तांब्याची भांडी घडवणारे. आणि दुसऱ्या एक शिवणकाम करणाऱ्या मावशी. त्यांना सातवीनंतर घरच्यांनी शाळेतून काढलं होतं. त्या आल्या तेव्हा दारातच थांबल्या. म्हणाल्या, "मी काय पास झालेली नाय. माझं चालंल का?" बाबांनी त्यांच्या हातात मोजायची टेप दिली आणि खिडक्या दाखवल्या. भिंगाच्या प्रयोगाला खोलीत अंधार करावा लागतो, त्यासाठी काळे पडदे हवे होते.

खरं सांगायचं तर ते सहा-सात महिने मला शाळेत जायची लाज वाटायची. बाबा पहिल्या पाळीवरून सुटले की खाकी कपड्यांतच थेट शाळेत यायचे. मोडक्या बाकांच्या फळ्यांना रंधा मारून त्यांची टेबलं करत गुडघ्यावर बसलेले असायचे, डोक्यात भुसा. वर्गातल्या एकीने विचारलं, "शाळेने नवीन सुतार ठेवलाय का गं?" मी म्हणाले, "माहीत नाही." ते उत्तर मला आजही बोचतं.

सगळ्यात जास्त घोळ घातला तो कॅलरीमापीने. कॅलरीमापी म्हणजे पाण्याची उष्णता मोजायचं तांब्याचं छोटं भांडं. तांबटकाकांनी पहिलं भांडं दोन दिवसांत ठोकून आणलं, चकचकीत आणि चांगलं जाडजूड. आमच्या विज्ञानाच्या सरांनी ते हातात तोललं आणि कसंनुसं होऊन म्हणाले, "सुंदर आहे, पण फार जड आहे. सगळी उष्णता भांडंच खाऊन टाकेल."

काकांना ते लागलं. "जन्मभर घागरी न् हंडे केले. जाड पत्रा असला की गिऱ्हाईक खूश," ते बाबांना म्हणाले. "पेल्याएवढ्या भांड्याचा एवढा नखरा मी नाय बघितला." पण ते भांडं परत घेऊन गेले. दुसरं तळाशी चिरलं. तिसरं वाकडं झालं. चौथं आणलं ते इतकं पातळ आणि इतकं नीट होतं, की सरांनी ते दोन्ही हातांत धरलं. काकांनी मग तशी आणखी सात केली. ही भांडी ज्यांत ठेवायची त्या बाहेरच्या लाकडी पेट्या बाबांनी केल्या.

पडदे लागले त्या दुपारी खोलीत मावशी आणि मीच होतो. एका खिडकीचा पडदा थोडा उघडा ठेवून मी भिंग धरलं, समोर कोरा कागद. पुढे-मागे करता करता अचानक कागदावर बाहेरचं लिंबाचं झाड उमटलं, हिरवंगार, हलणारं आणि उलटं. मीही ते पहिल्यांदाच बघत होते.

मावशी खाली वाकल्या. "उलटं का दिसतं गं हे?"

मी त्यांना सांगायला लागले. वहीतली आकृती मला तोंडपाठ होती, पण ती सांगताना मला स्वतःला तेव्हा कळत गेली. वरचा किरण खाली येतो, खालचा वर जातो. मावशींनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं. मग भिंग माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः झाड कागदावर उमटवून बघितलं. बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या.

दहावीला आमची प्रात्यक्षिक परीक्षा आमच्याच शाळेत झाली. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या टेबलाशी थांबले. मी तापमापी धरून उभी होते. त्यांनी कॅलरीमापी उचलला, फिरवून पाहिला आणि सोबत आलेल्या मोठ्या बाईंना विचारलं, "हे छान आहेत. कुठून मागवले?"

"मागवले नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांनी केले."

"विद्यार्थ्यांनी? कितवीच्या?"

"पंचवीस वर्षांपूर्वीच्या," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे हात करून, "टेबलं हिच्या वडिलांनी केली आहेत."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. या वेळी मी मान खाली घातली नाही. परीक्षकांना म्हणाले, "हो सर, माझ्या वडिलांनी." मग तापमापीवरचा आकडा वाचला. तो बरोबर आला.

त्या खोलीत पुढची बारा-तेरा वर्षं मुलं शिकली. तोवर मी इंजिनिअर होऊन इंदिरानगरात राहायला गेले होते. आमच्या आणि मागच्या-पुढच्या तुकड्यांतल्या आम्ही काही जणांनी मिळून शाळेला नवीन मोठी प्रयोगशाळा बांधून दिली. त्यासाठी जुनी खोली पाडावी लागणार होती. बाबांना सांगायला मी भीत होते. ते म्हणाले, "अगं, पाडा की. टेबलं डुगडुगायला लागलीत कधीची."

उद्घाटनाला त्यांना, तांबटकाकांना आणि मावशींना व्यासपीठावर खुर्च्या ठेवल्या होत्या. काका आणि मावशी येऊन बसले, मावशी नव्या लुगड्यात अगदी ताठ. बाबांची खुर्ची रिकामी. मी शोधत गेले तर ते नव्या प्रयोगशाळेत, खिशातून आणलेली, पातळी बघायची पाणसळ एकेका टेबलावर ठेवून डोळे बारीक करून बघत होते.

"बाबा, सगळे थांबलेत."

"येतो. तिसरं टेबल दोन सूत खाली आहे. कोणी बसवलं?"

"कंत्राटदाराने."

"त्याला बोलाव," ते म्हणाले. मी त्याला बोलावून आणलं. त्याने पायाखाली पट्टी सरकवली, बाबांनी पुन्हा पाणसळ ठेवून खात्री केली, आणि मगच आम्ही दोघं बाहेर आलो.